जन्मापासूनचा सर्वोत्तम दिवस

वाढदिवस जवळ आला की आपल्या घरांतून दोन प्रकारचे वर्तन आढळते. काही घरांत इतरांचे पाहून केक येतो, मेणबत्त्या येतात, मध्यरात्री बारापासून मोबाईलवर शुभेच्छांची रीघ लागते आणि उशिरा झोपलेल्या त्या घराची फज्रची नमाज हुकते. काही घरांत ‘आपल्यात हे नसते’ एवढे एकच वाक्य उच्चारून विषय मिटविला जातो. हे दुसरे वाक्य चुकीचे नाही. आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) आणि त्यांचे सहाबी (र.) यांच्या जीवनात दरवर्षी जन्मतारीख साजरी करण्याची प्रथा आढळत नाही. मूल जन्मले की त्याच्या कानात अजान द्यावी, सातव्या दिवशी अकीका करावा, जावळ काढून त्या केसांच्या वजनाइतकी चांदी दान करावी, एवढे सांगितले गेले आहे आणि ते पुरेसे आहे. परंतु केक नाकारणाऱ्या त्या घरातही एक वर्ष संपलेलेच असते. आयुष्यातील तीनशे चौपन्न दिवस खर्च झालेले असतात. त्या खर्चाचा हिशोब कोणी मागितला नाही, तर ‘आपल्यात हे नसते’ हे वाक्यदेखील एक सोयीस्कर पळवाट ठरते.

तीनशे चौपन्न हा आकडा वाचून काही वाचक थबकले असतील. आपल्या इबादतीचे वर्ष चंद्राचे आहे आणि ते सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान आहे. ज्याच्या शाळेच्या दाखल्यावर तेहतीस वर्षे पूर्ण होतात, त्याची हिजरी गणनेने चौतीस झालेली असतात. शिवाय ही गणना कोठून सुरू होते, तेही पाहावे. ह. उमर (र.) यांच्या खिलाफतीत वर्षे मोजण्याची व्यवस्था ठरली, तेव्हा प्रेषितांच्या (स.) जन्मापासून आरंभ केला गेला नाही. ज्या वर्षी त्यांनी मक्का सोडून मदिनेला प्रयाण केले, ते इ. स. ६२२ हे वर्ष पहिले धरले गेले. एका समाजाने आपले वय मोजण्यासाठी जन्माऐवजी एक निर्णय निवडला. घर, नातीगोती, मालमत्ता मागे ठेवून सत्याच्या बाजूला निघून जाण्याचा तो निर्णय होता.

मग स्वतःच्या जन्मदिवसाविषयी प्रेषितांची (स.) भूमिका काय होती? ते सोमवारी रोजा राखत असत. याचे कारण विचारले गेले तेव्हा त्यांनी सांगितले की याच दिवशी आपला जन्म झाला आणि याच दिवशी आपल्यावर दिव्य प्रकटनाचा आरंभ झाला. सहीह मुस्लिममधील या हदीसवर थोडे थांबण्यासारखे आहे. स्मरण वर्षातून एकदा नाही, दर आठवड्याला आहे. त्या स्मरणाची पद्धत खाणे ही नाही, खाण्यापासून थांबणे ही आहे. आणि जन्माच्या शेजारी लगेच जबाबदारी ठेवलेली आहे.

या पार्श्वभूमीवर एका सहाबींची हकीकत वाचकांसमोर ठेवावयाची आहे. ‘आईने जन्म दिल्यापासूनचा सर्वोत्तम दिवस’ असा उल्लेख खुद्द प्रेषितांनी (स.) त्यांच्या आयुष्यातील एका दिवसाविषयी केला होता. हे सहाबी म्हणजे ह. कअब बिन मालिक (र.). ते मदिनेचे अन्सारी, कवी आणि वक्तृत्वात निपुण होते. मक्केजवळ अकबा येथे रात्रीच्या अंधारात ज्यांनी प्रेषितांच्या (स.) हातावर प्रतिज्ञा घेतली, त्यांत ते होते. म्हणजे श्रद्धेत कच्चा, काठावरचा असा हा माणूस नव्हता. ही हकीकत सहीह बुखारी व सहीह मुस्लिम या दोन्ही ग्रंथांत आहे आणि ती स्वतः ह. कअब (र.) यांच्याच तोंडची आहे.

हिजरी सन ९. रोमन साम्राज्याच्या सीमेकडे, तबूककडे कूच करण्याचा आदेश झाला. उन्हाळा कडक होता, प्रवास फार लांबचा होता, आणि मदिनेत नेमकी फळे पिकण्याची व सावली हवीहवीशी वाटण्याची वेळ होती. इतर मोहिमांच्या वेळी मुक्कामाचे ठिकाण गुप्त ठेवले जाई. या वेळी मात्र लोकांना तयारी करता यावी म्हणून ते उघड सांगितले गेले. ह. कअब (र.) म्हणतात की यापूर्वी आपल्याकडे कधी एका वेळी दोन सवारीचे उंट नव्हते, ते या वेळी होते. आपण इतके सुस्थितीत व सशक्त कधीच नव्हतो. सकाळी तयारी करावी म्हणून ते घराबाहेर पडत आणि काहीही न करता परतत. मनाशी म्हणत, मला काय, मी केव्हाही तयारी करू शकतो. दुसरा दिवस असाच गेला, तिसरा तसाच. सैन्य निघून गेले. मग ठरविले, एकदोन दिवसांत निघून त्यांना गाठू. तेही झाले नाही. अंतर इतके वाढले की गाठणे अशक्य झाले.

यात कोठेही बंड नाही, नकार नाही, शंका नाही. केवळ ‘उद्या’ आहे. मला वाटते, सशक्त आणि सुस्थितीतील माणसाला सैतान सहसा ‘करू नकोस’ असे सांगत नाही. ‘तुला केव्हाही जमेल’ असे सांगतो. आरोग्य व मोकळा वेळ या दोन देणग्यांबाबत पुष्कळ लोक फसतात, असा इशारा प्रेषितांनी (स.) दिला आहे. फसणारा हा त्या देणग्यांना शिल्लक समजत असतो.

मोहीम परतली. प्रवासाहून आल्यावर प्रेषित (स.) आधी मशिदीत जात, दोन रकअत नमाज अदा करीत आणि लोकांना भेटण्यासाठी बसत. मागे राहिलेले ऐंशीहून अधिक लोक एकामागून एक आले, शपथा घेऊन कारणे सांगू लागले. प्रेषितांनी (स.) त्यांचे बाह्य बोलणे स्वीकारले, त्यांच्यासाठी क्षमायाचना केली आणि अंतःकरणातील गोष्ट अल्लाहवर सोपविली. नंतर ह. कअब (र.) पुढे आले. प्रेषित (स.) हसले, पण त्या हसण्यात रोष होता. मागे का राहिलास, तू तर सवारी घेतली होतीस ना, असे त्यांनी विचारले.

येथे ह. कअब (र.) यांनी जे उत्तर दिले त्याचा आशय असा: दुसऱ्या कोणाही दुनियादाराच्या समोर मी असतो तर काहीतरी निमित्त सांगून सुटलो असतो, बोलण्याचे कौशल्य मला लाभले आहे, परंतु आज खोटे बोलून आपणास प्रसन्न केले, तर उद्या अल्लाह आपणास माझ्यावर नाराज करील. माझ्याकडे कोणतेही कारण नव्हते. मी यापूर्वी कधी इतका समर्थ व सुस्थितीत नव्हतो.

रणांगणातील शौर्यापेक्षा हे शौर्य निराळे आहे. रणांगणात समोर शत्रू असतो आणि पाठीशी साथीदार. येथे समोर सर्वांत प्रिय व्यक्ती आहे, भोवती खोटे बोलून सुटलेले ऐंशी लोक आहेत, आणि तोंडात तयार शब्द आहेत. ते तयार शब्द गिळून टाकावयाचे आहेत. बलवान तो नाही जो दुसऱ्याला चीत करतो, खरा बलवान तो जो क्रोधाच्या वेळी स्वतःला आवरतो, अशा आशयाची हदीस आपण नेहमी ऐकतो. क्रोधाइतकाच प्रबळ असा आणखी एक उमाळा माणसात असतो: स्वतःला निर्दोष दाखविण्याचा. त्यालाही कोणी तरी आवरावेच लागते.

बाहेर पडताच स्वतःच्या कबिल्याचे लोक मागे लागले. इतरांसारखे निमित्त सांगायला काय झाले होते, प्रेषितांची (स.) क्षमायाचना तुझ्या अपराधाला पुरेशी झाली असती, असे ते म्हणू लागले. त्यांचा आग्रह इतका होता की परत जाऊन आपण खोटे बोललो असे सांगावे, असेही ह. कअब (र.) यांच्या मनात आले. मग त्यांनी विचारले, माझ्यासारखे उत्तर आणखी कोणी दिले आहे काय? दोन नावे कळली: मुरारा बिन रबीअ आणि हिलाल बिन उमय्या (र.). दोघेही बद्रच्या युद्धात सहभागी झालेले नेक लोक. तेव्हा ह. कअब (र.) यांचे पाऊल स्थिर झाले. सत्य बोलणाऱ्याला नेहमी जमाव लागतो असे नाही, कधी कधी दोन माणसेही पुरतात. आपल्या मुलांना वाढदिवशी काही द्यावयाचेच असेल, तर असे दोन मित्र मिळावेत अशी दुआ द्यावी.

पुढचे पन्नास दिवस कसे गेले, ते खरे तर प्रत्येक तरुणाने वाचावे. या तिघांशी कोणी बोलू नये असा आदेश झाला. इतर दोघे वयस्क होते, ते घरात रडत बसले. ह. कअब (र.) सर्वांत तरुण व कणखर. ते रोज घराबाहेर पडत, मशिदीत सर्वांसोबत नमाज अदा करीत, बाजारातून फिरत, आणि कोणीही त्यांच्याशी एक शब्द बोलत नसे. नमाजनंतर प्रेषितांजवळ (स.) जाऊन सलाम करीत आणि उत्तरासाठी ओठ हलले की नाही, हे पाहत राहत. त्यांच्या जवळच नमाजला उभे राहत व चोरून पाहत. आपण नमाजकडे वळलो की ते आपल्याकडे पाहत आणि आपण त्यांच्याकडे पाहिले की ते नजर फिरवीत, असे ह. कअब (र.) सांगतात. एकदा ते आपले चुलतभाऊ अबू कतादा (र.) यांच्या बागेच्या भिंतीवर चढून आत गेले. सलाम केला, उत्तर नाही. अल्लाहची शपथ घालून विचारले, माझे अल्लाहवर व त्याच्या प्रेषितावर प्रेम आहे हे तुला ठाऊक नाही काय? तिसऱ्यांदा विचारल्यावर एवढेच उत्तर मिळाले की अल्लाह व त्याचा प्रेषित अधिक जाणतात. ह. कअब (र.) यांच्या डोळ्यांतून अश्रू वाहू लागले.

ज्या मशिदीत कोणी सलामचे उत्तर देत नाही, तेथे दिवसातून पाच वेळा जाणे! आपल्याकडे विश्वस्तांशी एक वाद झाला की माणूस वर्षभर त्या मशिदीची पायरी चढत नाही. आत्मसंयम म्हणजे केवळ भूक आवरणे किंवा पहाटे उठणे, असे आपण समजतो. मान दुखावलेला असताना नित्यकर्म न सोडणे हा त्याचा अधिक कठीण भाग आहे. अल्लाहला सर्वांत प्रिय कर्म ते जे नित्य केले जाते, मग ते थोडे का असेना, हे जे प्रेषितांनी (स.) शिकविले, त्याचा कस अशाच दिवसांत लागतो.

याच काळात एक परीक्षा बाहेरून आली. गस्सानच्या राजाचे पत्र घेऊन एक मनुष्य मदिनेच्या बाजारात ह. कअब (र.) यांना शोधत आला. तुमच्या साहेबांनी तुमच्याशी कठोर वर्तन केल्याचे कळले, तुम्ही अपमान सोसण्याजोगे नाही, आमच्याकडे या, असा त्याचा आशय होता. दुखावलेल्या माणसाला याहून गोड काय वाटेल? ह. कअब (र.) यांनी ती आणखी एक कसोटी ओळखली. पत्र जवळ ठेवले तर पुन्हा वाचावेसे वाटेल, कदाचित म्हणूनच ते सरळ भट्टीकडे गेले आणि पत्र जाळून टाकले. मोहाशी वादविवाद करीत बसले नाहीत. ज्यांच्या खिशात रात्रंदिवस अशी पत्रे वाजत असतात, त्या आजच्या पिढीला याचा अर्थ अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

चाळीस दिवसांनंतर पत्नीपासूनही दूर राहण्याचा आदेश आला. तोही पाळला गेला. पन्नासाव्या दिवशी पहाटे फज्रची नमाज अदा करून ते घराच्या छतावर बसले होते. पृथ्वी विस्तीर्ण असूनही आपल्यासाठी संकुचित झाली आहे, अशी मनाची अवस्था होती. दिव्य कुरआनातील सूरह अत्तौबामध्ये (आयत ११८) या तिघांची हीच अवस्था वर्णिलेली आहे. इतक्यात सल्अ पर्वतावरून कोणी तरी मोठ्याने हाक मारली: कअब, आनंदाची बातमी! ते तेथेच सजद्यात कोसळले. तौबा स्वीकारली गेली होती.

बातमी आणणाऱ्याला त्यांनी अंगावरचे दोन्ही कपडे बक्षीस दिले. जवळ दुसरे कपडे नव्हते, म्हणून उसने मागून घेतले आणि मशिदीकडे निघाले. वाटेत लोक झुंडीने भेटून अभिनंदन करीत होते. मशिदीत पाऊल टाकताच तल्हा बिन उबैदुल्लाह (र.) उठून धावत आले आणि त्यांनी हात हातात घेतला. प्रेषितांचा (स.) चेहरा आनंदाने चमकत होता. त्यांनी सांगितले की तुझ्या आईने तुला जन्म दिला तेव्हापासून तुझ्यावर आलेला हा सर्वोत्तम दिवस आहे, त्याचा आनंद मान.

अकबेच्या प्रतिज्ञेची रात्र त्या माणसाच्या आयुष्यात होऊन गेली होती. तरीही सर्वोत्तम ठरला तो हा दिवस. उसन्या कपड्यांत, पन्नास दिवसांच्या एकाकीपणानंतर आलेला, आणि एका सत्य वाक्यातून उगवलेला.

आता आपल्या घराकडे वळू. वर्षामागून वर्षे कोणत्या गोष्टी ‘केव्हाही करू’ म्हणून मागे पडतात? आजारपणात व प्रवासात सुटलेले रमजानचे रोजे, ज्यांची कजा अद्याप बाकी आहे. लग्नात ठरलेला आणि वीस वर्षांनंतरही न दिलेला महर, जो पत्नीच्या आजारपणात तिच्या तोंडून ‘माफ’ म्हणवून घेण्याची वाट पाहिली जाते. आणि सर्वांत जड असा बहिणीचा वाटा. वडिलांच्या मागे मालमत्तेत मुलींचा हिस्सा सूरह अन्निसाने ठरवून दिला आहे. तो कोणाच्या उदारतेवर ठेवलेला नाही. तरी आपल्याकडे बहिणीला माहेरी बोलावून, चहा पाजून, हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते आणि तिने खुशीने सोडले असे सांगितले जाते. सही करताना तिच्या मनात माहेर तुटण्याची भीती असेल, तर ती खुशी कसली? जो भाऊ पंचेचाळिसाव्या वाढदिवशी बहिणीच्या घरी जाऊन ‘तुझा हिस्सा माझ्याकडे आहे, मी तो रोखून धरला, मला कोणतेही कारण नव्हते’ एवढे म्हणू शकेल, त्याचे घरात कदाचित पन्नास दिवस कौतुक होणार नाही. स्वतःचे मुलगेच नाराज होतील. कबिल्याचे लोक तेव्हाही मागे लागले होते.

वयाच्या चाळिशीचा उल्लेख दिव्य कुरआनाने विशेष करून केला आहे. सूरह अल्अहकाफमध्ये (आयत १५) प्रौढत्वाला पोहोचलेला, चाळीस वर्षांचा झालेला सत्प्रवृत्त मनुष्य आपल्या पालनकर्त्याजवळ तीन गोष्टी मागतो: स्वतःवर व आईवडिलांवर झालेल्या कृपेबद्दल कृतज्ञ राहण्याची प्रेरणा, अल्लाहला आवडेल असे सत्कर्म, आणि संततीची सुधारणा. मध्ये उभा राहून तो मागे आईवडिलांकडे आणि पुढे मुलांकडे पाहतो आहे. आणि लगेच म्हणतो, मी तुझ्याकडे वळलो. चाळीस चांद्रवर्षे सौर गणनेने अडतीस वर्षे व सुमारे दहा महिन्यांतच पूर्ण होतात, हे जाता जाता लक्षात ठेवावे. पुढच्या वाढदिवसापासून सुरुवात करू म्हणणाऱ्याची चाळिशी केव्हाच उलटून गेलेली असू शकते.

तौबा स्वीकारली गेली त्या दिवशी ह. कअब (र.) यांनी आपली सारी संपत्ती दान करण्याची इच्छा व्यक्त केली. प्रेषितांनी (स.) सांगितले की काही जवळ ठेव, ते तुझ्यासाठी चांगले आहे. त्यांनी खैबरमधील आपला हिस्सा ठेवला. एका दिवसाच्या उत्कटतेत सर्व काही देऊन टाकणे, यापेक्षा उरलेले आयुष्य सरळ चालणे अधिक अवघड आहे. त्यांनी स्वतःसाठी तेच निवडले. मला सत्याने वाचविले, म्हणून जिवंत असेपर्यंत सत्यच बोलेन, असा संकल्प त्यांनी केला.

समाजाच्या वाट्यालाही येथे एक काम येते. बऱ्याच वर्षांनी कोणी तरुण जुम्याला मशिदीत येतो, तेव्हा वजूखान्यातच कोणी तरी म्हणतो, आज सूर्य कोणीकडे उगवला? तो पुढच्या जुम्याला येत नाही. ह. तल्हा (र.) यांनी त्या दिवशी केवळ उठून धावत येऊन हात हातात घेतला. मुहाजिरांपैकी उठून आलेले ते एकटेच होते. ह. कअब (र.) त्यांचे ते उठणे कधीही विसरले नाहीत.

उतारवयात ह. कअब (र.) यांची दृष्टी गेली. त्यांचे पुत्र अब्दुल्लाह त्यांना हात धरून नेत असत. ही सारी हकीकत आपल्यापर्यंत पोहोचली ती या मुलाने वडिलांच्या तोंडून ऐकून पुढे सांगितली म्हणून. अंध पित्याने मुलाला आपल्या कर्तृत्वाच्या कथाही सांगितल्या असतील. पण जी जतन झाली ती ही: माझ्याकडे दोन उंट होते, मी सशक्त होतो, आणि मला कोणतेही कारण नव्हते.